‘रॉकेट बॉइज’मधला हेर आणि आमच्या आबांचं गप्प बसणं



पेटची तयारी करणारी मुलं-मुली मला एक प्रश्न नेहमी विचारतात. “ताई, एक सिरीज बघितली, त्यावरून विषय सुचला. असा विषय चालतो का?” चालतो. विषय कुठूनही सुचतो, सिनेमातून, आजीच्या बोलण्यातून, लोकलमधल्या भांडणातूनसुद्धा. अडचण पुढे येते. सिरीजने आपल्याला नुसता विषय दिलेला नसतो, उत्तरही देऊन ठेवलेलं असतं, आणि ते उत्तर आपल्या नकळत सिनॉप्सिसमध्ये येऊन बसतं. माझ्या बाबतीत हे झालं आहे. कसं झालं ते शेवटाकडे सांगते.

आज एक सिरीज आपण संशोधकासारखी बघू. सिरीज आहे ‘रॉकेट बॉइज’. सोनी लिव्हवर तिचा पहिला सीझन फेब्रुवारी २०२२ मध्ये आला आणि दुसरा मार्च २०२३ मध्ये. दिग्दर्शक अभय पन्नू. होमी भाभांच्या भूमिकेत जिम सर्भ आणि विक्रम साराभाईंच्या भूमिकेत इश्वाक सिंग. मी ती निम्मी बदलापूर ते कुर्ला प्रवासात मोबाईलवर बघितली आणि निम्मी अंबरनाथला आबांच्या घरी, म्हणजे माझ्या आजोबांबरोबर टीव्हीवर. आबा शेजारी बसले की तीच सिरीज मला वेगळी दिसायची. हा लेख त्या फरकाबद्दल आहे.

आधी जे जमलंय ते

परीक्षण लिहिताना पहिल्या ओळीपासून चुका काढत बसू नका, मग ते सिरीजचं असो की एखाद्या पुस्तकाचं. समोरच्याने काय साधलंय ते आधी प्रामाणिकपणे मांडायचं. 

या सिरीजने दोन मित्रांमधला मतभेद फार चांगला उभा केला आहे. १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा केंब्रिजमध्ये काम करणारे भाभा सुट्टीसाठी भारतात आले होते. परत जाता आलं नाही, म्हणून ते बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्याकडे, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेले. युद्धामुळेच साराभाईही केंब्रिज सोडून तिथे आले. म्हणजे युद्ध नसतं तर ही जोडी कदाचित जमलीच नसती. पुढे १९६२ मध्ये चीनकडून हार झाल्यावर एकाला बॉम्ब हवा आहे आणि दुसऱ्याला नको आहे. दोघांच्याही देशावरच्या निष्ठेबद्दल शंका घ्यायला जागा नाही. देशावर प्रेम असणारी दोन माणसं बॉम्बच्या प्रश्नावर उलट उत्तरं देऊ शकतात हे लोकप्रिय सिरीजमध्ये दाखवणं सोपं नाही, आणि इथे ते दाखवलंय. होमी आणि पिप्सी, विक्रम आणि मृणालिनी यांची प्रेमप्रकरणंही नुसती सजावट म्हणून येत नाहीत. कामाच्या वेडापायी घरच्यांनी काय सोसलं ते त्यातून कळतं.

आता जिथे मला थांबावंसं वाटलं तिथे येऊ.

हेर कशाला लागतो?

सिरीजच्या लेखकांना बहुतेक भीती वाटली की दोन शास्त्रज्ञांचा वाद एवढे भाग ओढून नेणार नाही. म्हणून मग सीआयए येते, बातम्या फुटतात, फितूर कोण याचा शोध सुरू होतो. पार्टीत, गाडीत, ऑफिसच्या व्हरांड्यात लोक अणुकार्यक्रमाबद्दल मोठ्याने बोलत असतात. अशाच एका प्रसंगाला आबा हसले. म्हणाले, “एवढं बोलतात होय हे?”

त्या हसण्यावरून मी विचार करायला लागले. गुपित म्हणजे कुणाच्या तरी खिशातली वस्तू, ती हेराने पळवायची आणि देशभक्ताने वाचवायची, असं चित्र हेरकथेत असतं. खरोखर काय घडत होतं ते बघा.

१६ ऑक्टोबर १९६४ ला चीनने पहिली अणुचाचणी केली. २४ ऑक्टोबरला भाभा आकाशवाणीवर बोलले. त्या भाषणात त्यांनी बॉम्बच्या खर्चाचे आकडे दिले. दहा किलोटनच्या स्फोटाला सुमारे साडेसतरा लाख रुपये, दोन मेगाटनला सुमारे ३० लाख, आणि पन्नास अणुबॉम्बचा साठा दहा कोटींहून कमी खर्चात. हे आकडे अमेरिकेतून जाहीर झालेल्या माहितीवर आधारलेले होते. अणुभट्ट्या आणि बाकीचा पसारा उभारायचा खर्च त्यात धरलेला नव्हता, म्हणून ते फार स्वस्त दिसत होते. थोडक्यात, देशात बॉम्बवर जो वाद पेटला त्यातली एक ठिणगी रेडिओवरून, सगळ्यांच्या देखत पडली होती. ते ऐकायला हेर लागत नव्हता.

मग गुप्त काय होतं? निर्णय कोण घेतं, पैसा कुठे जातो, कोणती प्रयोगशाळा कशावर काम करते, हे गुप्त होतं. आणि ते एखाद्या धाडसी माणसामुळे गुप्त राहिलं नव्हतं, कायद्यामुळे राहिलं होतं. १९४८ मध्ये संविधान सभेत अणुऊर्जा विधेयक आलं. एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी तेव्हाच विचारलं की ब्रिटनच्या कायद्यात गुप्तता संरक्षणाच्या कामापुरती आहे, मग आपण शांततेसाठीच्या संशोधनावरही ती का लादतोय? नेहरूंच्या उत्तराचा आशय असा होता की या दोन्हींत फरक कसा करायचा हे आपल्याला कळत नाही. ही चर्चा छापील स्वरूपात उपलब्ध आहे, आवर्जून वाचा. पुढे १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने माहिती उघड करण्यावरची बंधनं कायम ठेवली. डीआरडीओसारख्या संस्था तर आज माहिती अधिकाराच्याही बऱ्याच अंशी बाहेर आहेत.

याचा परिणाम संशोधकांच्या वाट्याला येतो. साठच्या दशकात अमेरिकी गुप्तचर यंत्रणांनी भारताच्या अणुकार्यक्रमाबद्दल जे अंदाज बांधले, त्यांतले बरेच कागद आता खुले झाले आहेत आणि घरी बसून वाचता येतात. आपल्याकडे १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. पंचवीस वर्षांहून जुने कागद तपासून अभिलेखागारात पाठवण्याची तरतूद त्याच्या नियमांत आहे. तरीही तुर्भ्याबद्दल लिहिणाऱ्याला बऱ्याचदा वॉशिंग्टनच्या कागदांवर अवलंबून राहावं लागतं. म्हणजे आपण आपला इतिहास आपल्यावर नजर ठेवणाऱ्यांच्या नोंदींतून वाचतो. सिरीजमधल्या कुठल्याही पाठलागापेक्षा मला ही गोष्ट जास्त विचित्र वाटते, आणि सिरीजला ती दिसलेलीच नाही.

प्रश्न विचारणारा संशयित होतो

सिरीजमध्ये मेहदी रझा नावाचं पात्र आहे. कलकत्त्याचा, भाभांशी उभा दावा असलेला भौतिकशास्त्रज्ञ. हे पात्र काल्पनिक आहे, पण मेघनाद साहांशी असलेलं त्याचं साम्य सिरीज आल्यावर लगेच अनेकांनी दाखवून दिलं.

साहा कोण होते? ताऱ्यांच्या वर्णपटाचा अर्थ लावणारं आयनीभवनाचं समीकरण त्यांचं. ढाक्याजवळच्या खेड्यात, गरीब दुकानदाराच्या घरात जन्म. विद्यार्थी असताना वसतिगृहात जातीवरून वेगळी वागणूक मिळाली. १९५२ मध्ये ते कलकत्त्यातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. १९५४ मध्ये अणुऊर्जेवर चर्चा झाली तेव्हा त्यांनी या कार्यक्रमाच्या गुप्ततेवर आणि कारभारावर जाहीर टीका केली. १९५६ मध्ये ते वारले.

भाभा आणि साहा यांचं पटत नव्हतं, त्यात व्यक्तिगत कटुताही होती, हे खरंच. पण भांडणाच्या मुळाशी एक मोठा प्रश्न होता. विज्ञान विद्यापीठांत, सगळ्यांच्या नजरेसमोर वाढावं, की सरकारच्या एका बंद खात्यात? सिरीजने काय केलं? साहांच्या जागी रझा आणला. गरीब, मागास समजल्या गेलेल्या जातीतून आलेल्या माणसाच्या जागी मुसलमान माणूस. आणि कथेत संशयाची सुई त्याच्याभोवती फिरवत ठेवली. कथेत पुढे काहीही होवो, प्रेक्षकाच्या डोक्यात जोडी पक्की झालेली असते की गुप्ततेवर बोट ठेवणारा तो फितूर असू शकतो.

माझा या सिरीजवरचा मुख्य आक्षेप हाच आहे. काल्पनिक पात्र घेणं हा गुन्हा नाही. पण निष्ठेबद्दलच्या गोष्टीत तुम्ही प्रश्न विचारणाऱ्यालाच संशयित केलंत, तर मतभेद म्हणजे निष्ठा नसणं नव्हे, हे भाभा-साराभाईंच्या जोडीतून दाखवलेलं सगळं पुसून टाकलंत. साराभाईंना विरोध करण्याची मोकळीक आहे, कारण ते मित्र आहेत, घरंदाज आहेत, देखणे आहेत. रझाला ती नाही.

प्रेम आलं की राजकारण जातं

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. मेलिटा नॉरवूड ही इंग्लंडमधली बाई लोखंडेतर धातूंवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत सेक्रेटरी होती. तिने अनेक वर्षं सोव्हिएत रशियाला अणुकार्यक्रमाशी संबंधित कागद पुरवले. १९९९ मध्ये हे जाहीर झालं तेव्हा ती ८७ वर्षांची होती. तिच्यावर खटला चालवला गेला नाही. तिने हे पैशासाठी केलं नव्हतं, कम्युनिस्ट विचारांवरच्या श्रद्धेपोटी केलं होतं.

तिच्यावरून सुचलेल्या कादंबरीवर २०१८ मध्ये ‘रेड जोन’ हा सिनेमा आला, ज्युडी डेंच त्यात आहे. सिनेमात सेक्रेटरीची केंब्रिजमध्ये शिकलेली भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी झाली आणि देशद्रोहाच्या वाटेवर तिला नेणारा एक देखणा प्रियकर आला. का? कारण एका साध्या नोकरदार बाईने वर्षानुवर्षं शांतपणे, स्वतःच्या विचाराने हे केलं, ही गोष्ट पडद्यावर दाखवायला कठीण आहे. प्रेमात फसली म्हटलं की प्रेक्षकाला समजतं आणि क्षमाही करता येते. पण त्यात त्या बाईचा विचारच गेला.

इथे आपल्यासाठी एक चाचणी आहे. ऐतिहासिक सिनेमा किंवा सिरीज बघताना विचारायचं: कथेच्या सोयीसाठी लेखकाने काय बदललं, आणि त्या बदलामुळे कुठला प्रश्न दिसेनासा झाला? नुसती “हे खरं घडलं नव्हतं” अशी यादी करून भागत नाही. ती यादी कुणीही करेल. बदलाची दिशा ओळखणं हे संशोधकाचं काम. 

नॉरवूडच्या बाबतीत ही चाचणी करता येते, कारण कागद बाहेर आले. सोव्हिएत गुप्तचर खात्याच्या नोंदी मित्रोखिन नावाच्या अधिकाऱ्याने बाहेर आणल्या, आणि १९९५ पासून अमेरिकेने जुने उकललेले सोव्हिएत संदेश खुले केले. कागद नसतील तेव्हा काय करायचं? आता अवघड भाग.

बर्फातून निघालेली पिशवी

२४ जानेवारी १९६६. एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान जिनिव्हाला उतरण्याआधी माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. विमानातले सगळे ११७ जण गेले, त्यात व्हिएन्नाच्या बैठकीला निघालेले भाभाही होते. तेरा दिवसांपूर्वीच ताश्कंदला शास्त्रीजी वारले होते, आणि अपघाताच्या दिवशीच इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. एवढ्या गोष्टी एकत्र आल्या की मन आपोआप धागे जोडायला लागतं. सिरीजच्या दुसऱ्या सीझनने तेच केलंय. भाभांच्या मृत्यूमागे सीआयएचा हात असल्याची गोष्ट रंगवली आहे.

तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर हा दावा आला असेल. आता तो तपासू. कुठल्याही दाव्याला मी चार प्रश्न विचारते: कोण म्हणतंय, कधी म्हणतंय, त्याला हे कळायचा मार्ग काय होता, आणि दुसऱ्या कुणाकडून दुजोरा मिळतो का.

कोण म्हणतंय? या दाव्याचा आधार म्हणून बहुतेक वेळा रॉबर्ट क्राउली या सीआयए अधिकाऱ्याचं नाव येतं. पण क्राउली स्वतः कुठेही असं लिहून गेलेला नाही. ग्रेगरी डग्लस या टोपणनावाने लिहिणाऱ्या माणसाचं एक पुस्तक आहे, त्यात क्राउलीबरोबरची फोनवरची संभाषणं म्हणून ते छापलंय. कधी? पुस्तक २०१३ चं, क्राउली २००० मध्येच वारला. ज्याच्या तोंडी शब्द घातलेत तो नाकारायला हयात नाही. कळायचा मार्ग? आपल्याला दिसतात ती फक्त छापलेली वाक्यं. दुजोरा? अमेरिकी कागद इतके खुले होऊनही त्या वाक्यांना आधार देणारा कागद पुढे आलेला नाही.

दुसऱ्या बाजूला काय आहे? फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष असा होता की विमानातलं एक दिशादर्शक उपकरण नादुरुस्त होतं, वैमानिकाला वाटलं की आपण शिखर ओलांडलंय, आणि जिनिव्हाच्या नियंत्रकाने सांगितलेली स्थिती नीट समजली गेली नाही. याच पर्वतावर १९५० च्या नोव्हेंबरमध्ये एअर इंडियाचंच ‘मलबार प्रिन्सेस’ आदळलं होतं आणि ४८ जण गेले होते. तेव्हा विमानात कुणी अणुशास्त्रज्ञ असल्याची गोष्ट कुणी सांगत नाही.

ऑगस्ट २०१२ मध्ये हिमनदी वितळून तिथे भारत सरकारची राजनैतिक टपालाची पिशवी सापडली. बातमी वाचून किती जणांना वाटलं असेल, आता गुपित बाहेर पडणार! पिशवीत निघाली मुख्यतः जुनी वर्तमानपत्रं आणि कॅलेंडरं. शेचाळीस वर्षं बर्फात राहिलेला “गुप्त” कागद असा होता.

म्हणजे कट नव्हताच असं सिद्ध झालं का? नाही. असं वाक्यही घाईने लिहू नका. आपल्याला एवढंच म्हणता येतं, की अपघाताच्या बाजूने तपासता येणारा पुरावा आहे आणि कटाच्या बाजूने तसा नाही. पुरावा नसलेली जागा मोकळी आहे, तेवढंच. ती आपल्या आवडत्या गोष्टीने भरायची परवानगी आपल्याला मिळालेली नसते. नाटककाराला ती आहे, आपल्याला नाही.

आबा

आता माझी चूक.

अंबरनाथला संरक्षण खात्याशी जोडलेल्या जागा बऱ्याच आहेत. ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे, डीआरडीओची नौदलासाठी काम करणारी प्रयोगशाळा आहे. आबा अशाच एका ठिकाणी पस्तीस वर्षं होते. कुठल्या ते मी इथे लिहीत नाही, कारण त्यांनी तसं सांगितलंय. माझं संशोधन अशा नोकऱ्यांमधल्या कुटुंबांवर आहे: क्वार्टर्स, भोंगा, शिफ्ट, कॅन्टीन, बायकांचं घर चालवणं, आणि घरी न बोलण्याची शिस्त.

आबांची मी तीन वेळा मुलाखत घेतली. एकाहत्तरच्या युद्धातली ओव्हरटाइम, खिडक्यांना लावलेला काळा कागद, खंडेनवमीची मशीनची पूजा, सगळं भरभरून बोलले. पण “तुम्ही नक्की काय बनवायचात?” विचारलं की गप्प. एकदा म्हणाले, “बाळा, ते सांगायचं नसतं.” निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली होती. आजीलाही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. 

त्याच सुमारास मी ‘रॉकेट बॉइज’चा दुसरा सीझन बघत होते. शेजारच्या एका काकांनी सांगितलं होतं की इथल्या कारखान्यांत तेव्हा “पोखरणचं काम” झालं. मी दोन आणि दोन जोडले. आबांचं गप्प बसणं, काकांचं वाक्य, १९७४ साल. माझ्या कच्च्या मसुद्यात एक परिच्छेद तयार झाला, आणि खोटं कशाला बोलू, मला तो फार आवडला होता. माझे आबा त्या इतिहासात होते!

गाईड सरांनी परिच्छेदाच्या कडेला पेन्सिलने एकच शब्द लिहिला: “कशावरून?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांनी ते कुणाकडून तरी ऐकलेलं. आबा तर काहीच बोलले नव्हते. जो माणूस बोलला नाही त्याच्या न बोलण्याचा मी पुरावा केला होता. भाभांच्या विमानाबद्दल लोक जे करतात तेच. शिवाय त्यात आणखी एक वाईट गोष्ट होती. आबांनी पस्तीस वर्षं जे सांभाळलं, ते मी त्यांना न विचारता, त्यांच्याच नावावर, बहुधा चुकीचं, छापणार होते.

परिच्छेद काढून टाकला. मग आबांकडे गेले आणि सरळ विचारलं, “तुम्ही सांगत नाही, याबद्दल मी लिहू का?” त्यांनी बराच वेळ विचार केला. म्हणाले, “सांगत नाही हे लिही. काय ते लिहू नकोस.” माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणाचा विषय यातूनच निघाला. गुपित काय होतं हा माझा प्रश्नच राहिला नाही. ते सांभाळताना घरात काय काय बदलतं, बायका-मुलं त्या न बोलण्याभोवती कशी जगतात, हा प्रश्न झाला. त्याचे साक्षीदार आहेत, ते बोलायला तयार आहेत, आणि एकाचं म्हणणं दुसऱ्याशी पडताळून बघता येतं.

संशोधनात संमतीचा फॉर्म भरून घ्यायला सांगतात तेव्हा आपण कंटाळतो. मला तो फॉर्म त्या दुपारी समजला.

चूक दुरुस्त करता आली पाहिजे

अंबरनाथच्या शिवमंदिरात एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातलं साल शके ७८२ असं वाचलं. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, असल्याचं दाखवलं. एका अंकाने मंदिराचं वय दोनशे वर्षांनी बदललं. भाऊ दाजी मोठे विद्वान होते, तरी चुकले. पण दगड तिथेच होता. दुसऱ्याला जाऊन बघता आलं, म्हणून चूक सापडली.

गुप्ततेवरचा साहांचा किंवा कृष्णमूर्ती रावांचा आक्षेप मला असाच समजतो. दगड झाकून ठेवला तर चुकीचं वाचन तसंच राहतं, आणि त्यावर सिरीज निघते. 

तुम्ही पेटची तयारी करत असाल तर या आठवड्यात एवढं करा. आवडलेली एखादी ऐतिहासिक सिरीज घ्या, त्यातला एकच दावा निवडा आणि त्याला वरचे चार प्रश्न विचारा. उत्तरं एका पानात लिहा. जिथे पुरावा संपतो तिथे रेघ मारा आणि रेघेखाली काहीही लिहू नका. पहिल्यांदा फार अस्वस्थ वाटतं, हे आधीच सांगते.

आणि युद्धकाळाचाच विषय हवा असेल तर लांब जायची गरज नाही. उल्हासनगरला लोक अजून “कॅम्प तीन”, “कॅम्प चार” म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराची छावणी होती, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर त्याच बराकींमध्ये सिंधी निर्वासित राहायला आले आणि १९४९ मध्ये गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. सैनिकांची बराक एका कुटुंबाचं घर कशी झाली, हे विचारायला अजून माणसं आहेत, पण फार वर्षं नसतील. तिथे हेर सापडणार नाही. “कशावरून?” या प्रश्नाला उत्तर मात्र देता येईल.

सिरीज बघा, नक्की बघा. जिम सर्भसाठी तरी बघाच. आबांनी शेवटचा भाग बघून झाल्यावर टीव्ही बंद केला आणि म्हणाले, “चांगली होती. पण काम करणारी माणसं कुठे दाखवली?” 

माझ्या पाचव्या प्रकरणाची सुरुवात मी या प्रश्नापासून करणार आहे. त्यांना विचारून.